खिम्यावरचं झाकण

ड्रमकार्न, फाइफ
शनिवार, १४ जानेवारी १९९५

विल्मा,

'प्रिय' लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू पुढे वाचलंच नसतंस. फोन दोनदा करून पाहिला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. पत्राला निदान वाक्य पूर्ण करू देतात, म्हणून हे.

तुझ्या सासूबाईंबद्दल, बेलमावशींबद्दल लिहायचं आहे. खुब्याचं हाड मोडून त्या इस्पितळात होत्या हे तुम्हाला माहीत असणारच, अ‍ॅलिक दर रविवारी फोन करतो असं त्या शेजाऱ्यांना सांगतात. नाताळच्या आधी घरी आल्या. कौन्सिलची गाडी रोज साडेअकराला जेवणाचा डबा देऊन जाते. कोमट बटाटा आणि वर तपकिरी पाणी. बेलमावशी तो डबा शेजारच्या मांजरापुढे ठेवतात, आणि मांजरही आता वास घेऊन निघून जातं.

म्हणून मंगळवारी मी खिमा-बटाटा केला, ताटलीवर ताटली उपडी घातली, फडक्यात बांधली आणि त्यांच्या दारात गेले. दहा वर्षांत पहिल्यांदाच. चालण्याची चौकट धरून त्या दारापर्यंत आल्या, ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं जेवण झालंय, एफी." दुपारचे बारा वाजले होते. हे शब्द त्यांनी कुठून उचलले ते तुला सांगायला नको.

बुधवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. गुरुवारी ताटली आत घेतली आणि दार माझ्या तोंडावर लावलं. काल ताटली धुऊन परत मिळाली. "खिम्यात गाजर घालतेस होय," एवढंच म्हणाल्या. "ज्याला खिमा जमत नाही तो गाजर घालतो." आपल्या आईच्या खिम्याला कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याची झिंज्या धरून खबर घेतली असती. पण ऐकून घेतलं.

माझा वॉटी नोव्हेंबरमध्ये गेला. छातीत खाणीची धूळ साठली होती, दुसरं काय. तुझं कार्ड आलं नाही. यायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

जाण्याआधी त्याने मला एक गोष्ट सांगितली. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, संपाला आठ महिने झाले असताना, वेल्फेअरच्या सभागृहात खाणकामगार युनियनची सभा भरली आणि ठरलं की आता कुणीही खाणीत उतरायचं नाही, पंप चालवायलासुद्धा नाही. खाली पाणी चढत होतं. पंप बंद राहिले असते तर संप जिंकूनही परत जायला खाण उरली नसती. वॉटी शाखेचा सेक्रेटरी. सभेत त्याने सगळ्यांबरोबर हात वर केला आणि दुसऱ्या पहाटे गुपचूप अ‍ॅलिकला पंपावर पाठवलं. तोंड बंद ठेवायची शपथ घालून. लोकांनी अ‍ॅलिकला गेटवर पाहिलं. पुढचं तुझ्यावर गुदरलेलं आहे, ते मी काय लिहू.

मला हे आत्ता कळलं, विल्मा. नोव्हेंबरमध्ये, वॉटीच्या बिछान्याशी बसले असताना. कळलं आणि पायाखालची जमीन सरकली. तेव्हा मला तुझा राग होता, आता तो राहिला नाही. तुम्ही दोघं या. म्हातारीला मुलगा पाहायचा आहे. झालं गेलं गंगेला... आमच्याकडे नदीसुद्धा धड नाही, पण तुला समजलं.

एफी


ड्रमकार्न
गुरुवार, २ फेब्रुवारी १९९५

विल्मा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं तर. अख्ख्या पानावर तीन शब्द: "तुला कधी कळलं?"

लिहिलं होतं ना. नोव्हेंबरमध्ये. मागचं पत्र पुन्हा वाच.

इथली हकिगत अशी की बेलमावशींनी माझ्या ताटल्या घेणं बंद केलं आहे. "माझ्याच चुलीवर, माझ्याच पातेल्यात, माझ्या डोळ्यांसमोर करणार असशील तर ये," म्हणाल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात असते. त्या खुर्चीत बसतात, पाय स्टुलावर, आणि मला साठाव्या वर्षी खिमा शिकवतात. संपात वेल्फेअरच्या चुलीवर रोज दोनशे ताटं काढलेल्या बाईला.

पातेलं कोरडं तापवायचं. तेलाचा थेंब नाही. खिमा टाकला की आधी पाणी सुटतं, तो चरचरतो ओला. तो आवाज बदलून कोरडा तडतडायला लागेपर्यंत हात लावायचा नाही. मी उलथनं घेऊन घाई केली की त्या काठी आपटतात. मग कांदा, मग मूठभर ओट्सचा भरडा, मग पाणी, आणि मंद आच. गाजराला बंदी. बटाटे उकडले की पाणी ओतून टाकायचं आणि पातेल्यावर कोरडं फडकं टाकून ठेवायचं म्हणजे ते पिठूळ होतात. खरं सांगते, त्यांचा खिमा आईच्या खिम्यापेक्षा चांगला होतो. हे कुणाला सांगू नकोस.

परवा मंगळवारी त्यांना उंडे हवे होते. मैदा आणि चरबीचे गोळे करून खिम्यावर ठेवले आणि झाकण लावलं. तुला ठाऊक आहे, उंडे ठेवले की वीस मिनिटं झाकण उचलायचं नाही. उचललं की वाफ गेली, वाफ गेली की उंडे बसले. आपल्या आईने त्या वीस मिनिटांत दार वाजलं तरी उघडलं नसतं.

म्हणजे वीस मिनिटं काही काम नाही. समोरासमोर बसून राहायचं.

बेलमावशी म्हणाल्या, अ‍ॅलिक यायला तयार होता, त्या इस्पितळात असतानाच. रात्रीच्या गाडीने येतो, मागच्या गल्लीने घरात शिरतो, सकाळ व्हायच्या आत जातो, असं म्हणत होता. त्यांनीच नको म्हटलं. "माझा मुलगा चोरासारखा येणार नाही. दिवसाउजेडी हाय स्ट्रीटने येईल, लोक बघत असताना. नाहीतर येणारच नाही. मी मेले तरी नाही. तशी शपथ घातलीय त्याला."

मग विचारलं, "त्याला पंपावर पाठवलं कुणी, एफी? तो मला सांगत नाही. दहा वर्षं झाली, आईला सांगत नाही."

मी म्हटलं, मला काय माहीत.

आणि उठले. उठून काय करायचं सुचेना, म्हणून चुलीकडे गेले आणि झाकण उचललं.

घड्याळात बारा मिनिटं झाली होती. वाफेचा लोट उठला आणि उंडे माझ्या डोळ्यांदेखत बसले, पीठ नुसतं चिकट. मागून काठी आपटल्याचा आवाज आला नाही.

"तुला माहीत आहे," बेलमावशी म्हणाल्या. "चाळीस वर्षं उंडे करणारी बाई बाराव्या मिनिटाला झाकण उचलत नाही."

आम्ही ते चिकट उंडे खाल्ले. भांडी घासली आणि घरी आले, आणि दोन दिवसांनी आज हे लिहिते आहे.

एफी


ड्रमकार्न
रविवार, १९ फेब्रुवारी १९९५

विल्मा,

पुन्हा तेच तीन शब्द. या वेळी खाली रेघ मारून. लहानपणीही तू अशीच होतीस, एक गोष्ट धरलीस की धरलीस.

बरं. ऐक.

त्या दिवशी सकाळी वेल्फेअरच्या स्वयंपाकघरात तू माझ्याशेजारी बसून दोन पोती बटाटे सोललेस. तुझी बोटं गारठून लाल झाली होती. तेवढ्यात बातमी आली की अ‍ॅलिकला पहाटे गेटमधून आत जाताना पाहिलंय. तू वर पाहिलंस, माझ्याकडे. सुरी खाली ठेवली नाहीस. बटाटे पुरे केलेस आणि मग सगळ्यांसारखी ताटली घेऊन रांगेत उभी राहिलीस. वाढायचा डाव माझ्या हातात होता. तू समोर आलीस, आणि मी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तू जेवूनच आली असशील."

एडिनबराच्या चिक्कू लोकांवर आपण हा विनोद करतो. दारात आलेल्याला खाऊ घालायला लागू नये म्हणून ते असं म्हणतात म्हणे. म्हणूनच सगळे हसले. मला अजून त्यांचं हसणं ऐकू येतं, जॉर्डी पिरीचं सगळ्यांत मोठं. तू ताटली वाढायच्या खिडकीच्या फळीवर ठेवलीस, हळूच, आवाज होऊ न देता, आणि गेलीस. संध्याकाळी तुझ्या दारावर कुणीतरी रंगाने 'संपफोड्या' लिहिलं होतं.

तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. एवढं तरी खरं मान.

त्याच संध्याकाळी कळलं. वॉटी घरी आला, कोट न काढता बसला आणि मला सगळं सांगितलं. रडत होता. तू त्याला कधी रडताना पाहिलं नाहीस, मी त्या एकदाच पाहिलं. म्हणाला, उद्या सभेत सांगतो. आणि मी म्हटलं, नको.

वाचलंस ना? मी म्हटलं. तो सांगणार होता. मी त्याला म्हटलं की तू सभेत हात वर करून मागून माणूस पाठवलास हे कळलं तर तुलाच संपफोड्या म्हणतील, संप मोडेल, घरावर दगड पडतील. अ‍ॅलिक तरुण आहे, कुठेही पोट भरेल. सगळं पटण्यासारखं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की मी तुला दोनशे माणसांसमोर हाकलून दिलं होतं, आणि आता मीच चुकीची ठरणार होते. ते मला सोसवलं नसतं. म्हणून तुमचं घर गेलं.

नंतर जानेवारीत तुम्ही सामान गाडीत भरलंत तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. पुढे दहा वर्षं वॉटीचा फोटो वेल्फेअरच्या खिडकीवर लागलेला आहे, 'कामगारांचा खरा साथी' असं खाली लिहून, आणि त्या फोटोखाली उभं राहून डाव चालवायला मला आवडायचं. हेही लिहून टाकते.

शुक्रवारी मी बेलमावशींना सांगितलं. सगळं, मी 'नको' म्हटलं तेही. मला वाटलं होतं त्या काठी मारतील. त्यांनी नुसतं पातेलं खाली उतरवायला सांगितलं, करपत होतं.

मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय त्याला कधी संपफोड्या म्हटलं? ज्यांनी म्हटलं त्यांना सांग."

चार मार्चला वेल्फेअरमध्ये जेवण आहे. संप संपल्याला दहा वर्षं. शंभरावर माणसं येणार, खिमा-बटाटा, तेव्हाच्याच पातेल्यांत, आणि रांधणार मीच, कारण वॉटीची बायको. मी बेलमावशींना शब्द दिला की त्याआधी शाखेच्या चार वडीलधाऱ्यांना गाठून सांगेन. तुलाही तोच शब्द देते. मग तुम्ही दिवसाउजेडी या.

मला भीती वाटते, विल्मा. ते खोटं दहा वर्षं माझं पोट भरत आलं आहे.

एफी


ड्रमकार्न
रविवार, ५ मार्च १९९५

विल्मा,

बेलमावशी बुधवारी सकाळी गेल्या हे तुम्हाला डॉक्टरांनी कळवलंच. सकाळचा चहा पिऊन खुर्चीत टेकल्या आणि गेल्या. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, पण ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. मी शुक्रवारचा खिमा आणून ठेवला होता.

आता पुढचं ऐक. मी त्या चार जणांना सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस होते. रोज कोट घालायचे आणि रोज काढून ठेवायचे. एकदा जॉर्डी पिरीच्या दारापर्यंत जाऊन हवेबद्दल बोलून परत आले. म्हणजे त्या गेल्या तेव्हा माझा शब्द खोटाच होता. अ‍ॅलिकला पाहायचं त्यांच्या नशिबात नव्हतं असं लोक म्हणतात. नशिबात काही नव्हतं, मी होते.

आणि बुधवारी संध्याकाळी, लाज वाटते पण लिहिते, माझ्या मनात आलं की सुटले. आता कुणाला सांगायची गरज नाही. विचारणारं माणूसच गेलं.

काल जेवण झालं. एकशे बारा माणसं. वीस किलो खिमा मी बेलमावशींच्या पद्धतीने केला, कोरडा, गाजराशिवाय, दोघींनी तक्रार केली. वाढायला सुरुवात झाली होती तेवढ्यात अंत्यविधीवाले मिस्टर लॉरी आत आले. टोपी काढून म्हणाले, शुक्रवारी अकरा वाजता मिसेस बेल गेडीजना पोहोचवायचं आहे. पेटी खाली सोडायला आठ दोऱ्या. मुलगा येणार नाही म्हणतो, आईनेच गावात न यायची शपथ घातली होती म्हणे. दुसरे नातेवाईक नाहीत. तेव्हा गावातल्या माणसांनी दोऱ्या धराव्यात. आणि त्यांनी ती आठ छोटी कार्डं फळीवर मांडली, दर दोरीला एक, एक ते आठ आकडे लिहिलेली, माझ्या डाव्या हाताशी.

कुणी उठलं नाही.

विल्मा, या गावात दारुड्यालाही दोऱ्या धरायला माणसं मिळतात. बायकोला मारणाऱ्यालाही मिळाली होती. एकशे बारा माणसं ताटांत बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, संपफोड्याची आई. फार वाईट आवाजात नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि ती महिनाभर माझ्यासमोर स्टुलावर पाय ठेवून बसलेली बाई, कधी एका माणसाचंही वाईट न केलेली, तिला खाली सोडायला आठ हात नव्हते.

मी डाव पातेल्यात ठेवला. भाषण नाही केलं. म्हटलं, "अ‍ॅलिक गेडीजला पंपावर वॉटीने पाठवलं होतं. सभेच्या नकळत. मला त्याच संध्याकाळी माहीत झालं. वॉटी सांगणार होता, मी त्याला सांगू दिलं नाही."

मग एक म्हातारा म्हणाला, मेलेल्या माणसावर आळ घेतेस, तोही स्वतःच्या नवऱ्यावर. दुसरी म्हणाली, बेलच्या घरी जाऊन जाऊन हिचं डोकं फिरलंय. खुर्च्या सरकल्या. पंधरा-वीस माणसं ताटं तशीच टाकून निघाली. एकीने जाताना ताट माझ्यासमोर आणून ठेवलं, खिम्याला हात न लावलेलं. मला कळलं तेव्हा तुला कसं वाटलं असेल. नाही, कळलं नाही. मी तर केलं होतं.

तेव्हा जॉर्डी पिरी उभा राहिला. तोच, रांगेत सगळ्यांत मोठ्याने हसलेला. त्याच्या हातात काटा तसाच होता.

"ती खरं बोलतेय," म्हणाला. "मला कसं माहीत? मीही होतो पंपावर, वॉटीनेच पाठवलेला. त्याच पाळीला. अ‍ॅलिक गेटने गेला, मी कुंपणाच्या फटीतून. त्याला पाहिलं, मला नाही पाहिलं. त्याने माझं नाव कधीच घेतलं नाही."

आणि थांबून म्हणाला, "दारावर रंगही मीच लावला होता. माझ्यावर संशय येऊ नये म्हणून."

त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो खिडकीपाशी आला, कार्डं बघितली, चार नंबरचं उचललं आणि कोटाच्या खिशात घातलं. मग बाहेर गेला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी त्याच्याशी बोललंही नाही.

सगळे सुधारले असं समजू नकोस. काल संध्याकाळपर्यंत जॉर्डीखेरीज तीन कार्डं गेली. आज चर्चनंतर आणखी दोन. वॉटीचा फोटो सकाळी कुणीतरी काढून माझ्या पायरीवर आणून ठेवला, काच खाली करून. मी तो आत घेतला. तो माझा नवरा होता, मी काय करू. माझ्याशी आज रस्त्यात तिघं बोलली, बाकीच्यांनी वाट बदलली. उरलेला खिमा मीच खाते आहे, अजून चार दिवस पुरेल. याबद्दल मी रडगाणं गात नाही, फक्त तुला कळावं.

दोन कार्डं उरली होती. आठ नंबरचं मी मागितलं. मिस्टर लॉरी म्हणाले, इथे बायका दोरी धरत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्ही शोधून आणा आठवा पुरुष. त्यांनी कार्डावर माझं नाव लिहून दिलं.

राहिलं एक नंबरचं. ते डोक्याकडचं, मुलाचं. ते नेहमी घरी जाऊन हातात देतात. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी पोस्टाने पाठवते. ते म्हणाले, असं आजवर कधी केलेलं नाही. मी म्हटलं, या गावाने अ‍ॅलिकच्या बाबतीत पुष्कळ काही आजवर केलेलं नाही.

ते कार्ड या पाकिटात आहे. अ‍ॅलिकच्या हातात दे.

एफी